उंदराचे तीन जीव

आमच्या गॅलरीत मे लागल्यापासून आंबोशी वाळत पडली आहे. एक परात जमिनीवर, एक सूप खुर्चीवर, आणि दोन्हींवर मंजिरीची जुनी ओढणी. मंजिरी म्हणजे माझी बायको. दरवर्षी ती म्हणते की यंदा तयार आंबोशी आणू, आणि दरवर्षी मे महिना आला की बाजारातून कैऱ्यांची पिशवी तीच घेऊन येते. मीठ लावलेली कैरी उन्हात तापली की तिच्या आंबट वासात नाण्यांसारखा, लोखंडासारखा कसलातरी वास मिसळतो. तो आला की माझ्या कानात एक सूर वाजू लागतो. बारक्या पिपाणीवर वाजवल्यासारखा, चढत जाणारा आणि शेवटी एकदम घसरणारा. आंबोशीचा आणि त्या सुराचा एकमेकांशी काही संबंध नाही. पण माझ्या डोक्यात कोणीतरी दोघांना एकाच फडक्यात बांधून ठेवलंय, आणि इतक्या वर्षांत ती गाठ सुटलेली नाही.

तो सूर उंदराच्या गेमचा. बाबांच्या कंपनीतल्या एका सहकाऱ्याचा मुलगा दहावीत गेला, म्हणून त्यांनी घरातला व्हिडिओ गेम हद्दपार केला आणि तो आमच्याकडे मुलुंडला आला. आम्ही दोघं तेव्हा दहावीपासून सुरक्षित अंतरावर होतो, मी आणि माझ्याहून दोन वर्षांनी लहान असलेली माझी बहीण सुजाता, म्हणजे सुजू. सोबत एकच कॅसेट होती. तिच्यावर चित्र शर्यतीच्या गाडीचं आणि आत उंदीर. याबद्दल तक्रार करायची कोणाकडे, हे आम्हाला कळलं नाही आणि दोन दिवसांनी तशी इच्छाही उरली नाही.

गेम साधा होता. उंदीर जमिनीत बिळं खोदत दाणे गोळा करतो. मांजरं त्याच्या मागे लागतात. जमिनीत मधेमधे दगड असतात, खालची माती पोखरली की ते कोसळतात. मांजरावर कोसळले तर उत्तम. उंदरावर कोसळले तर एक जीव गेला. जीव तीन. तीन गेले की खेळ संपला आणि हातातला कंट्रोलर दुसऱ्याला द्यायचा.

पण आमच्या घरी एवढ्यावर भागत नव्हतं. आई मालवणकडची. मे महिन्यात तिच्या लेखी उन्हाचा एक कवडसाही वाया जाता कामा नये. गच्चीवर आंबोशी, तांदळाचे सांडगे, फणसाचे पापड, ताकातल्या मिरच्या. आणि हे सगळं कावळ्यांपासून राखायला वर कोणीतरी काठी घेऊन बसायला हवं. गेम आल्यावर वर बसायला कोणीच तयार होईना. त्या महिन्यात गावाहून काका, काकू आणि त्यांची तीन मुलंही आली होती, म्हणजे मुलांचा तोटा नव्हता, तोटा होता तो राखणदारांचा. शेवटी आईने नियम केला : मेला तो गच्चीवर. ज्याचे तीन जीव गेले त्याने काठी घ्यायची आणि वर जायचं. आधी जो वर असेल त्याने खाली येऊन रांगेत बसायचं.

इतका चोख नियम मी नंतर कोणत्याच कार्यालयात पाहिला नाही. मी विमा कंपनीत दाव्यांची छाननी करतो, नियमांशी माझा रोजचा संबंध आहे. बहुतेक नियमांना पळवाट असते. या नियमात हरणाऱ्याला शिक्षा नव्हती, काम होतं. ऊन लागायचं, पण पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसलं की वाराही लागायचा. कावळेही ओळखीचे झाले होते. एका लंगड्या कावळ्याला काकांचा धाकटा चोरून सांडगे द्यायचा.

सगळ्यात लवकर बाबा हरायचे. कंपनीतली पहिली पाळी करून ते साडेतीनच्या सुमाराला घरी यायचे, पायजमा चढवायचे, आणि कंट्रोलर हातात घेऊन उंदराला सरळ मांजराच्या तोंडात नेऊन सोडायचे. "अरे, हा वळतच नाही," असं म्हणत त्यांचे तीनही जीव पाहतापाहता संपायचे. मग वर्तमानपत्राची टोपी डोक्यावर ठेवून शीळ घालत वर. सगळ्यात चांगली खेळायची आई. पापड लाटता लाटता त्या सुरावर तिचं लाटणं चालायचं, आणि तिची पाळी आली की पदराला हात पुसून ती बसायची. तिचा उंदीर घाबरायचा नाही. मांजर अगदी जवळ येईपर्यंत थांबायचा, मग दगडाखालची माती काढून बाजूला व्हायचा. आम्ही सगळे मागे उभे राहून बघायचो. सहा फेऱ्या ती लीलया पार करायची. सातव्या फेरीत मात्र हमखास मरायची. तिथे दोन दगड एकावर एक होते. त्या दगडांचा आम्ही पोरांनी इतका धसका घेतला होता की आमच्यातला कोणी चुकून सातवीपर्यंत पोचलाच तर आधी देवाचं नाव घ्यायचा.

यंदा उन्हाळ्याच्या सुरुवातीला आई खेळणं सोडाच, चमचाही नीट धरत नव्हती. गेल्या वर्षी पक्षाघाताचा सौम्य झटका आला. चालणं काठीच्या आधाराने जमू लागलं, बोलणं पूर्ववत झालं, उजवा हात तेवढा मागे राहिला. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी सांगितलं की बोटं वापरलीत तर येतील, नाहीतर अशीच राहतील. त्यांनी एक मऊ चेंडू दिला, दिवसातून तीन वेळा दाबायला. आई म्हणाली, "मी काय पाळण्यात आहे, चेंडू दाबायला?" आणि तो चेंडू तिने खिडकीचं दार आपटू नये म्हणून फटीत घातला. तिथे तो छान काम करतो. पण हात मांडीवर पडून राहायचा, जणू कोणीतरी ठेवायला दिलेली वस्तू. ती त्याच्याकडे बघायची नाही. मला हात गेल्याचं जेवढं वाटलं नाही तेवढं या न बघण्याचं वाटायचं.

गेमची कल्पना सुजूची. ती घाटकोपरला राहते आणि सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधण्याची नोकरी करते. म्हणजे आम्ही दोघंही दुसऱ्याच्या कामात खोट काढून पोट भरतो. माळ्यावरच्या खोक्यातून तिने ती कॅसेट काढली. असे जुने गेम इंटरनेटवर सहज मिळतात, पण मी म्हटलं, आपल्याच कॅसेटमधून काढ. कुठल्यातरी भलत्याच उंदराशी आईची गाठ घालायची नव्हती. सुजूने एक छोटं यंत्र मागवून कॅसेटमधला गेम लॅपटॉपवर उतरवला आणि मला फोन केला.

"दादा, ऐक. एका बोटाने खेळताना आईचे तीन जीव पहिल्याच फेरीत जाणार. ती चिडणार आणि परत हात लावणार नाही. म्हणून गेममध्येच बदल करू."

"म्हणजे काय करायचं?"

"हा सगळा गेम म्हणजे नुसते आकडे आहेत रे. उंदीर मेला की एका ठिकाणी तीनातून एक वजा होतो. त्या जागी मी लिहिणार, काही करू नकोस. संपलं. आई कितीही वेळा मेली तरी जीव तीनच."

"वजाबाकीच काढून टाकायची?"

"हां. मस्त ना?"

"मग गच्चीवर कोण जाणार?"

मग ती म्हणाली, "तू अजून तिथेच बसलायस का रे, काठी घेऊन?"

"तूही तिथेच आहेस. म्हणून तर कॅसेट शोधत बसलीस."

"ऑडिट नको करूस यार. करून तर बघू."

करून बघितलं. रविवारी दुपारी सुजू आली, टीव्हीला वायर जोडली आणि सूर वाजला. आईने मान वर केली. झटक्यानंतर इतक्या पटकन तिने मान वर केलेली मी पाहिली नव्हती. कंट्रोलर तिने मांडीवर ठेवला, डाव्या अंगठ्याने दिशा, आणि उजव्या हाताची मूठ खोदायच्या बटणावर कशीबशी. पहिला जीव गेला. दुसरा गेला. तिसराही गेला. चौथा उंदीर पडद्यावर आला आणि तिने कंट्रोलर खाली ठेवला.

"आई, खेळ की. अजून आहेत," सुजू म्हणाली.

"तीनच असतात."

"हा सुधारलेला आहे."

"माका फुकटचे नको गो." चिडली की आई मालवणीवर जाते. काठी शोधून ती उठली. पडद्यावर उंदीर मांजराच्या तोंडात जात राहिला आणि परत येत राहिला. सुजूने टीव्ही बंद केला.

मला वाटलं होतं, चूक सुजूची आहे आणि उपाय माझ्याकडे आहे. माझा उपाय असा होता : कोणताही नियम बदलायचा नाही, फक्त गेमचा वेग कमी करायचा. जिथे पाच पावलं तिथे चार. उंदीर हळू, मांजर हळू, दगडही हळू. सगळं एकाच प्रमाणात कमी झालं तर प्रमाण बिघडत नाही आणि अन्यायही कोणावर होत नाही. कागदावर यात काही दोष नव्हता. पुढच्या रविवारी तसा गेम लावला. आईने तीन सूर ऐकले आणि माझ्याकडे बघितलं.

"ह्याचा घसा बसलाय का रे?"

मी सुराचा विचारच केला नव्हता. वेगाबरोबर तोही मंदावला होता आणि जाडसर झाला होता. आईने डाव्या हाताची बोटं टेबलाच्या कडेवर आपटून ताल धरला, लाटण्याचा तो जुना ताल. "असं होतं," ती म्हणाली. मी फोनवर जुनी चाल लावून पडताळून पाहिलं. तिचा ताल बिनचूक होता.

गाडीत बसताना सुजू म्हणाली, "मग मी सगळा नव्यानेच लिहिते." तिला मनातून तेच करायचं होतं, हे मला ठाऊक होतं. तिच्याकडून कळलं की जुन्या गेमांवर असं काम करणारे हौशी लोक जगभर आहेत आणि त्यांच्यात पंथ आहेत. काही जण मूळ गेमला हात लावतात तेवढा टाचणीच्या टोकाने, एखादा आकडा इकडचा तिकडे. काही जण तो पूर्ण उसवतात, प्रत्येक टाका समजून घेतात आणि पुन्हा शिवतात. काही जण म्हणतात, कशाला ते जुनेर, तसाच नवा बनवू. तीनही पंथांचं एकमेकांशी पटत नाही. सुजू दिवसभर लोकांच्या चुका शोधते, त्यामुळे तिला स्वतःचं काहीतरी पहिल्यापासून लिहायची भूक असणार. आठवड्यात तिने एक फेरी लिहून मला पाठवली. सुंदर होती. माती मातीसारखी, दाणे दाण्यांसारखे. पण मूळ गेममध्ये एका रांगेत जास्त मांजरं आली की ती लुकलुकायची, बिचाऱ्या यंत्राला तेवढी एकदम काढता यायची नाहीत. सुजूची मांजरं लुकलुकत नव्हती. आंघोळ घालून आणल्यासारखी दिसत होती.

त्या दिवशी मी आमच्या इमारतीखाली उभा राहून वर पाहिलं. आमची चार मजली इमारत पाडून तिथे टॉवर झाला आहे. नाव तेच. लिफ्टशेजारच्या पाटीवर माणसंही बहुतेक तीच, बाबा तेवढे आता नाहीत. खोल्या वाढल्या, पाणी चोवीस तास, आणि आई आजारी पडल्यावर लिफ्टचं मोल कळलं. माझी तक्रार नाही. फक्त गच्चीला कुलूप असतं. तिथे सौर पॅनेल बसवलेत आणि वाळवण घालायला मनाई आहे. नव्याने बांधताना सगळ्यांनी हवं ते सगळं मागून घेतलं. पार्किंग मागितलं, हॉल मागितला. गच्ची मागायची असते, हे कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण ती होतीच.

मी सुजूला कळवलं की नवा गेम छान आहे, तुझ्यासाठी ठेव. तिने रागाचा चेहरा पाठवला, मग थोड्या वेळाने हसरा.

शेवटी मार्ग आईनेच सांगितला, तोही आमची कीव आल्यासारखा. आम्ही दोघं जेवणाच्या टेबलावर हुज्जत घालत होतो. ती आमटीभात कालवत होती, डाव्या हाताने.

"खेळाला कशाला हात लावता?" ती म्हणाली. "खेळ होता तसाच आहे. माझा हात बिघडलाय, तर हाताचं बघा."

मंजिरी वाढता वाढता म्हणाली, "चला, एकाचं तरी डोकं चालतंय या घरात."

मग मी कामाला लागलो. जुना कंट्रोलर उघडला. आत एक हिरवी पट्टी, खोदायच्या बटणाखाली दोन बारीक काळे ठिपके. बटण दाबलं की ते दोन ठिपके जोडले जातात, एवढंच त्या बटणाचं कर्तृत्व. त्यांना दोन वायरी डाख देऊन जोडल्या आणि त्या एका लाकडी खोक्यापर्यंत नेल्या. खोक्यावर पिवळं, गोल, बशीएवढं बटण. गेमच्या दुकानांत मोठ्या यंत्रांवर असायचं तसलं, सुजूने मागवलेलं. खोक्याच्या कडा मी काचकागदाने गोल केल्या, आईच्या मनगटाची उंची मोजून एक बाजू उतरती केली. सुजू म्हणाली, "बटण कोणीही दाबो, मुठीने दाबो की कोपराने, गेमला कळतच नाही. त्याच्या दृष्टीने ही तीच आई आहे." हे वाक्य तिने स्क्रू पिळता पिळता टाकलं आणि पुढे गेली. मी त्यावर बराच वेळ अडकलो.

आई रोज खेळू लागली. आधी सगळी मूठ आपटायची, खोका थडथडायचा. मग तळहाताने. मग एके सकाळी चहा आणून दिला तेव्हा पाहिलं, मधली दोन बोटं बटणावर होती आणि बाकीची त्यांना बघायला आल्यासारखी शेजारी. व्यायामाच्या बाईंनी विचारलं, "चेंडू दाबता ना आजी?" आई म्हणाली, "नाही, मांजरं मारते." बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी खोका दाखवला. जीव तीनच होते, वेग पूर्वीचाच, सूर पूर्वीचाच, आणि आई रोज हरत होती, दुसऱ्या फेरीत, मग तिसऱ्या. हरली की काठी घेऊन गॅलरीत जाऊन आंबोशीपाशी बसायची. गॅलरीला कबुतरांची जाळी आहे. चिमणीसुद्धा आत येत नाही.

"आई, जाळी आहे, कशाला राखतेस?" मी विचारलं.

"जाळी काल लागली. नियम जुना आहे."

या रविवारी सुजू आली होती. जेवणं झाली, पडदे ओढले, आई खोका घेऊन बसली. पाचवी फेरी झाली. सहावी झाली. सातवीचा पडदा आला, ते दोन दगड एकावर एक, आणि आम्ही दोघं पन्नाशीच्या जवळ आलेली माणसं पुढे सरकलो. आईचा उंदीर पहिल्या दगडाखाली गेला, थांबला, मांजर आलं, तो बाजूला झाला. दोन्ही दगड दोन मांजरांना घेऊन खाली गेले. फेरी संपली.

"आई, सातवी पार केलीस," सुजू म्हणाली.

"त्यात काय."

"त्यात काय म्हणजे? तेव्हा तुला एकदाही जमली नव्हती."

"जमायची." आईची नजर पडद्यावरच होती.

"अगं, प्रत्येक वेळी मरायचीस. आम्ही बघायचो ना."

"सातवी येईपर्यंत चार वाजायचे," आई म्हणाली. "तुझे बाबा वर उन्हात बसलेले. त्यांना चहा नको?"

सुजूने माझ्याकडे पाहिलं. मी मनात ताळा करत होतो. दोन खोल्यांत त्या महिन्यात नऊ माणसं होती. आई हरली की दोन कप घेऊन वर जायची. नियमाप्रमाणे बाबांनी तेव्हा खाली यायला हवं होतं. ते यायचे नाहीत, आणि आम्ही पोरं खूश व्हायचो, कारण त्यांची पाळी आम्हाला मिळायची. ऊन कलेपर्यंत दोघं टाकीच्या सावलीत. आणि त्या वळत नसलेल्या उंदराचंही मला एकदम आठवलं. कंपनीत एवढाली यंत्रं चालवणाऱ्या माणसाला उंदीर वळवता येत नव्हता, हे आम्ही सगळ्यांनी बिनतक्रार मान्य केलं होतं. मी आयुष्यभर दावे तपासतो. हा माझ्या नजरेतून सुटला.

आणि सुजू तर ती वजाबाकीच काढून टाकणार होती.

आठवी फेरी सुरू झाली होती. आईने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. मग उंदराला तिने शांतपणे एका दगडाखाली नेलं आणि तिथेच उभं केलं. दुसऱ्याला तसंच. तिसऱ्यालाही. खोका माझ्याकडे सरकवला, काठी घेतली आणि गॅलरीत गेली.

मी खेळायला बसलो. खेळात मी कधी लबाडी केलेली नाही, हे सुजूही सांगेल. पत्त्यांतसुद्धा नाही. सूर वाजला. माझा पहिला उंदीर मांजराच्या समोर जाऊन उभा राहिला. दुसरा त्याच्या मागोमाग.

"दादा, झोप लागली का तुला? वळव की," सुजू म्हणाली.

"वळतच नाही गं," मी म्हटलं. "कठीण फेरी आहे."

पहिलीच फेरी होती. सुजू माझ्याकडे बघत राहिली आणि मग तिने हात पुढे करून खोका स्वतःकडे ओढून घेतला. मंजिरीने चहा गाळलाच होता. मी दोन कप घेऊन गॅलरीत गेलो.

"एवढ्यात मेलास?" आई म्हणाली.

"हो."

दुसऱ्या खुर्चीवर आंबोशीचं सूप होतं. मला बसायला जागा व्हावी म्हणून तिने ते उचलून खाली ठेवलं. उचलताना तिने दोन्ही हात लावले.